बाहेरच्या मशीनचा कनेक्टर दर उन्हाळ्यात जळतो : अमेरिकन आकडा, युरोपियन आकडा अन् आपला मे महिना

मशीन बाहेरून आलेलं, कनेक्टर बाहेरचा, त्याच्यावर छापलेले अँपिअर लोडपेक्षा जास्त, अन् तरीही एप्रिल-मे आला की तोच कनेक्टर परत जळतो. नागपूरकडची हिंगणा एमआयडीसी, बुटीबोरी, कामठी रोडवरची लहान युनिटं, ऑफिसांच्या सर्व्हर रूम, सगळीकडे मी हाच फॉल्ट दुरुस्त करत आलोय आणि दरवेळी तेच समजावून सांगावं लागतं, म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. कनेक्टरवरचा अँपिअरचा आकडा एकटा वाचायचा नसतो. तो कोणाच्या नियमाने दिला, किती जाड वायरवर दिला अन् किती तापमानात दिला हे सोबत वाचलं तरच त्याला अर्थ आहे.

आधी लक्षणं

सगळ्यात आधी वास येतो, सडक्या मासळीसारखा, आणि लोक पॅनेलमागे उंदीर मेला असं समजून आठवडाभर काढतात. मग कनेक्टर उघडला की एकाच पिनेभोवती तपकिरी कडं दिसतं, बाकीच्या पिना चकचकीत. वायरचं इन्सुलेशन कनेक्टरजवळ दोन-तीन इंच कडक झालेलं असतं, वाकवलं की तडकतं, पण त्याच्या मागे वायर एकदम मऊ अन् नवीसारखी. मशीन सकाळी व्यवस्थित चालतं, दुपारी दोनच्या पुढे बंद पडतं किंवा एक फेज सोडतं. स्क्रू आवळला की काही दिवस ठीक, मग परत तेच. नवीन टॉप (प्लग) लावला तरी त्याच जागी जळून राहिला.

हे जुळत असेल तर पुढचं वाचा. वायर पूर्ण लांबीभर गरम लागत असेल तर दोष कनेक्टरचा नाही, वायर बारीक आहे. चालू केल्याबरोबर एमसीबी पडत असेल तर शॉर्ट शोधा. आणि कनेक्टर थंड असून फक्त दुपारी एमसीबी पडत असेल तर एमसीबीच तपासा, कारण आयईसीच्या (युरोपात अन् आपल्याकडे चालणारं आंतरराष्ट्रीय वीज-मानक) घरगुती एमसीबीचं कॅलिब्रेशन ३० डिग्रीला धरतात अन् अमेरिकन ब्रेकरचं ४० ला, आपल्याकडे पॅनेलमध्ये दोन्हीपेक्षा जास्त असतं, मग तो त्याच्या आकड्याआधीच पडणार.

हात लावायच्या आधी सप्लाय बंद करा, टॉप ओढून बाहेर काढा, आणि सप्लाय खरंच गेला की नाही ते मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने पाहा. नुसत्या निऑन टेस्टरवर विसंबू नका. मशीनमध्ये ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, ड्राइव्हवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबा, साधारण पाच-दहा मिनिटं असतो.

पहिली तपासणी फुकटची : काय छापलंय ते वाचा

मोबाईलचा टॉर्च लावून कनेक्टरवरचं सगळं वाचा, फोटो काढून झूम करा. बहुतेक वेळा दोन आकडे सापडतात. कॉम्प्युटरची जी नेहमीची पॉवर कॉर्ड असते, सी१३ म्हणतात तिला, तिच्यावर युरोपियन मार्कजवळ १० अँपिअर २५० व्होल्ट आणि यूएलच्या (अमेरिकेतली तपासणी संस्था) मार्कजवळ १५ अँपिअर. पीस तोच, पितळ तेच. सर्व्हरचा मोठा सी१९ घ्या, युरोपात १६, अमेरिकेत २०. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे १० च्या जागी १५ नेले तर त्याच पिनेत सव्वादोनपट उष्णता. आता सांगा, एकच वस्तू इकडे १० अन् तिकडे १५ कशी?

याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेत वायरिंगचा नियम असा आहे की तीन तास किंवा त्याहून जास्त सलग चालणारा लोड असेल तर सर्किटच्या आकड्याच्या ८० टक्केच धरायचा. म्हणजे त्यांचा २० वाला सी१९ सलग चालवायला १६, अन् युरोपचा आकडाही १६! त्यांचा १५ वाला सी१३ सलग चालवायला १२. अमेरिकन माणूस २० वाचतो तेव्हा ती ८० टक्क्यांची कात्री त्याच्या डोक्यात आधीच असते. युरोपियन माणूस १६ वाचतो तेव्हा दिवसभर १६ असंच वाचतो. आपण इथं अमेरिकन २० युरोपियन पद्धतीने वाचतो, दिवसभर १८-१९ अँपिअर ओढतो, मग म्हणतो माल खराब आहे. माल नाही हो खराब, वाचणं चुकलं.

दुसरं कारण म्हणजे प्रत्येक देशाच्या ब्रेकरच्या पायऱ्या. ते निळे-लाल गोल इंडस्ट्रियल प्लग, आयईसी ६०३०९ चे, युरोपात १६, ३२, ६३, १२५ मध्ये येतात अन् अमेरिकेत २०, ३०, ६०, १०० मध्ये. कित्येक प्लगवर ३०/३२ असं दोन्ही छापलेलं मिळेल. म्हणजे १६ चा तिकडे २० होतो पण १२५ चा १०० होतो, एकदा वर एकदा खाली. तेव्हा "अमेरिकन आकडा नेहमी फुगवलेला असतो" किंवा "युरोपियन माल नेहमी दमदार असतो" ही दोन्ही वाक्यं डोक्यातून काढून टाका, मी ती दुकानातही ऐकतो अन् साईटवरही.

वाचताना कॉर्डही वाचा. वायरवर ३ × ०.७५ किंवा ३ × १ स्क्वेअर एमएम असं असेल तर ती १० अँपिअरची कॉर्ड आहे. अमेरिकन कॉर्डवर एडब्ल्यूजी नंबर असतो आणि तिथं नंबर लहान तेवढी वायर जाड : १८ नंबर साधारण ०.८ स्क्वेअर, १० अँपिअर. १६ नंबर १.३ स्क्वेअर, १३ अँपिअर. १४ नंबर २.१ स्क्वेअर, १५ अँपिअर. म्हणजे सी१३ ला १५ छापलेलं असलं तरी मागे १४ नंबरची वायर असेल तरच ते १५. आणि आपल्याकडचा टॉप पाहायचा विसरू नका, बाजारात सी१३ च्या बऱ्याच कॉर्डना दुसऱ्या टोकाला ६ अँपिअरचा टॉप असतो, मग ती पूर्ण कॉर्ड ६ चीच धरा.

दुसरी : मागच्या वेळी अर्धंच बदललं होतं का?

फॉल्ट पुन्हा पुन्हा येण्यामागे सगळ्यात जास्त वेळा मला हेच सापडलंय. नर बाजू जळालेली दिसते म्हणून ती बदलतात, मादी बाजू वरून ठीक दिसते म्हणून ठेवून देतात. पण सॉकेटच्या आत जी पितळेची पकड असते ती एकदा तापली की तिचा ताण जातो, ती पिनेला घट्ट धरत नाही. त्यात नवीन पिन घातली की संपर्क कमी, उष्णता जास्त, अन् नवीन पीसही जळतो. सप्लाय बंद असताना टॉप घालून काढून पाहा, सहज सुटत असेल, एका बाजूला हलत असेल, तर सॉकेट गेलेलं आहे. आत टॉर्च मारा, पकडीचा रंग निळसर-काळा दिसला तर विषयच संपला. दोन्ही बाजू एकत्र बदला, अन् कडक झालेली वायर तिथपर्यंत कापून टाका. काळं पडलेलं तांबं पॉलिश पेपरने घासून परत वापरायचा मोह होतो, नका करू.

तिसरी : स्क्रू अन् वायरचं टोक

लहान पॅनेल टर्मिनलच्या एम३ स्क्रूला साधारण ०.५ ते ०.६ न्यूटन मीटर टॉर्क लागतो. अमेरिकन मशीनच्या स्टिकरवर तोच पौंड-इंचात असतो, एक न्यूटन मीटर म्हणजे ८.८५ पौंड-इंच. तिथं ४.४ लिहिलंय म्हणून कोणी ४.४ न्यूटन मीटर लावला तर स्क्रूची आटी तुटणार, आणि हातानेच अंदाजाने लावला तर प्रत्येक पोऱ्याचा अंदाज वेगळा. टॉर्कचा पेचकस एकदा घ्या, पैसे वसूल होतात.

मल्टिस्ट्रँड वायर नुसती पिळून स्क्रूखाली घातली असेल तर पिन लग (वायरच्या टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोक) दाबून लावा. आणि टोकाला सोल्डर मारून स्क्रूखाली दाबायची पद्धत बंद करा. सोल्डर दाबाखाली हळूहळू सरकतं, आज घट्ट वाटतं अन् महिन्याभरात सैल होतं. "आवळला की काही दिवस ठीक" हे लक्षण ज्यांच्याकडे आहे त्यांनी आधी इथंच पाहावं.

चौथी : वायरची जाडी, अन् इथं जरा थांबतो

हिंगण्याच्या एका पॅकिंग युनिटमध्ये अमेरिकन मशीन होतं, सीलिंग हीटरच्या टर्मिनलवर २० अँपिअर, बाजूला बारीक अक्षरात १२ एडब्ल्यूजी. मूळ वायर कोणीतरी बदलून आपली अडीच स्क्वेअरची टाकलेली. १२ नंबर म्हणजे ३.३१ स्क्वेअर, म्हणजे अडीच टाकली तर तांबं पाव हिश्श्याने कमी. लोक म्हणतात अडीच स्क्वेअर तर २० अँपिअर आरामात नेते, मग अडचण काय? अडचण ही की कनेक्टर थंड कसा होतो हेच आपण पाहत नाही. पिनेतली उष्णता प्लास्टिकमधून फार कमी जाते, बरीचशी वायरच्या तांब्यातून बाहेर निघते. कनेक्टरची टेस्ट ज्या वायरवर झाली त्याच्यापेक्षा बारीक वायर लावली तर उष्णतेला बाहेर पडायची वाटच अरुंद केली. त्या मशीनला चार स्क्वेअर टाकली, कनेक्टर नवा टाकला, बाकी काहीच बदललं नाही, अन् ते टर्मिनल परत जळालं नाही.

टेस्टचा नियमही दोन्हीकडे वेगळा आहे. युरोपियन पद्धतीत, म्हणजे आयईसी ६०९४७-७-१ मध्ये, टर्मिनल ब्लॉकला ठरलेल्या वायरवर ठरलेला करंट देतात, अडीच स्क्वेअरला २४ अँपिअर, चारला ३२, सहाला ४१, दहाला ५७, आणि टर्मिनल आजूबाजूच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीपर्यंत वर गेलेलं चालतं. अमेरिकेत यूएल १०५९ मध्ये ही वाढ ३० डिग्रीपर्यंतच चालते. ४५ अन् ३० चं वर्गमूळाने गुणोत्तर काढलं तर १.२२ येतं, २४ ला १.२२ ने भागा, १९.६ येतं. ढोबळ हिशोब आहे, पण अडीच स्क्वेअरच्या कित्येक टर्मिनलवर युरोपियन २४ अन् अमेरिकन २० असं का दिसतं ते यातून समजतं. टर्मिनलमध्ये फरक नाही, किती तापू द्यायचं यात फरक आहे.

अमेरिकन मार्कमध्ये बी, सी, डी असे वापराचे गटही असतात, अन् एकाच टर्मिनलला डी गटात ३०० व्होल्टला जास्तीत जास्त १० अँपिअरच मिळतात. २० दिसलं की ते कोणत्या गटाखाली आहे ते पाहून घ्या.

पाचवी : करंट खरंच किती आहे ते मोजा

क्लॅम्प मीटर घ्या, ट्रू आरएमएस (वेड्यावाकड्या आकाराच्या करंटचंही खरं माप देणारा) असलेलाच घ्या कारण ड्राइव्ह अन् कॉम्प्युटरच्या लोडवर साधा मीटर कमी दाखवतो. एकच वायर क्लॅम्पमध्ये घ्यायची, पूर्ण कॉर्ड घेतली तर शून्य दिसणार. सकाळी अन् दुपारी दोन्ही वेळा मोजा, आणि मशीन सलग किती वेळ ओढतं ते लिहून ठेवा, कारण ८० टक्क्यांचा प्रश्न त्याच्यावरच ठरतो. थ्री फेजवर खूप कॉम्प्युटर किंवा एलईडी असतील तर न्यूट्रलही मोजा. तिसऱ्या हार्मोनिकमुळे (मूळ करंटच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीचा करंट) तिन्ही फेजचा तो करंट न्यूट्रलमध्ये एकत्र होतो, म्हणून कित्येक ठिकाणी फेजच्या पिना चांगल्या अन् न्यूट्रलचीच जळालेली असते.

जाता जाता फ्यूजचं पण सांगतो, कारण कनेक्टर वाचवायला कोणीतरी फ्यूज टाकतं अन् तोही दोन देशांत वेगळा वागतो. आयईसीचा छोटा काचेचा फ्यूज दीडपट करंटवर कमीत कमी एक तास टिकलाच पाहिजे असा नियम, अन् यूएलचा १३५ टक्क्यांवर तासाभरात गेलाच पाहिजे असा. तेव्हा अमेरिकन १० च्या जागी युरोपियन १० टाकला तर तो १५ अँपिअर तासभर जाऊ देईल. तेवढ्यात कनेक्टरचं काम झालेलं असतं.

सहावी : पॅनेलच्या आतलं तापमान

राजेहो, हे कोणीच पाहत नाही. औद्योगिक पॅनेलच्या आयईसी नियमात बाहेरची हवा जास्तीत जास्त ४० डिग्री अन् चोवीस तासांची सरासरी ३५ धरलेली आहे. कनेक्टरच्या नियमातही, आयईसी ६१९८४ मध्ये, आकडा शक्यतो ४० डिग्रीलाच देतात. नागपुरात मे महिन्यात ४५ नेहमीचंच, २०१३ च्या मे मध्ये ४७.९ पर्यंत गेलं होतं, आणि टिनाच्या शेडमध्ये भिंतीला लावलेल्या पॅनेलच्या आत ५५-६० सहज होतं. एक साधा थर्मामीटर दुपारी आत ठेवा अन् दार लावून तासाभराने पाहा.

आता हिशोब करा. आत ६०, वरच्या अडीच स्क्वेअरच्या टर्मिनलवर पूर्ण २४ अँपिअर, वाढ ४५, म्हणजे टर्मिनल १०५ ला. आपली साधी पीव्हीसी वायर ७० डिग्रीची असते, एचआर पीव्हीसी (जास्त उष्णता सोसणारी) ८५ ची. टर्मिनल टिकलं तरी वायर शिजणार, आणि ते दोन-तीन इंचाचं कडक इन्सुलेशन म्हणजे हेच. अमेरिकन २० धरले तरी ६० अधिक ३० म्हणजे ९०, तेही जमत नाही. वायर ७० च्या आसपास ठेवायची तर ६० डिग्रीच्या पॅनेलमध्ये ते टर्मिनल १२ अँपिअरवरच चालवावं लागतं, निम्म्यावर! पण पॅनेल ४५ वर आणलं तर त्याच टर्मिनलवर १६ अँपिअर नेऊनही ६५ वर राहता येतं. म्हणून मी आधी फॅनचा फिल्टर काढून धुवायला लावतो, आपल्याकडच्या धुळीने तो उन्हाळ्यात पूर्ण चोंदलेला असतो. पॅनेल पश्चिमेच्या भिंतीला असेल तर शेड लावा. कूलर मात्र सरळ पॅनेलवर सोडू नका, ओलावा अन् धूळ मिळून टर्मिनलवर थर बसतो आणि दुसराच फॉल्ट सुरू होतो.

सर्व्हर रूमवाल्यांसाठी एवढंच : सी१३ च्या पिनेची मर्यादा ७० डिग्री आहे. रॅकच्या मागे गरम हवा ४५-५० असते, म्हणजे हातात २०-२५ डिग्रीच उरतात. तिथं १० च्या कॉर्डवर १० नका नेऊ. जास्त गरम जागेसाठी सी१५ असतो, १२० डिग्रीचा, खाच असलेला. तो घ्यायचा तर उपकरणाच्या बाजूलाही त्याच्याच जोडीचं इनलेट लागतं, नुसती कॉर्ड बदलून उपकरणाची बाजू सुधारत नाही.

सातवी : जास्त पिनांचा कनेक्टर

बारा-चोवीस पिनांचा कनेक्टर असेल तर कॅटलॉग उघडाच. आयईसीवाला आकडा सगळ्या पिना एकाच वेळी भरलेल्या धरून देतात आणि सोबत डिरेटिंगचा (तापमान वाढलं की करंट किती कमी करायचा त्याचा) ग्राफ असतो, खाली हवेचं तापमान, बाजूला करंट. टेस्टमध्ये आलेल्या वक्राच्या ८० टक्क्यांवर दुसरी रेघ असते, वापरायची ती खालची. अमेरिकन छोट्या कनेक्टरच्या कॅटलॉगमध्ये मोठ्या अक्षरातला आकडा बऱ्याचदा दोनच पिनांचा असतो, खाली तक्त्यात पिना वाढल्या की तो उतरत जातो. बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) दुकानात मोठा आकडा सांगून देतात, तक्ता आपणच पाहायचा. रिकाम्या पिना असतील तर जड लोड शेजारी-शेजारी न घेता दूर दूर वाटून घ्या, आणि एकाच सर्किटला दोन पिना समांतर जोडल्या तर दुप्पट करंट मिळेल असं धरू नका, दोघी सारखा वाटून घेत नाहीत.

इथं थांबा अन् माणूस बोलवा

यापुढे चालू लोडवर पिनेचा मिलिव्होल्ट ड्रॉप मोजायचा असतो. २० अँपिअरवर ५० मिलिव्होल्ट म्हणजे एक वॉट त्या एवढ्याशा जागेत, आणि तिन्ही फेजची तुलना केली की दोषी पिन लगेच सापडते. पण हे काम उघड्या चालू पॅनेलवरचं आहे, परवानाधारक वायरमन किंवा ठेकेदाराचंच. थर्मल कॅमेऱ्याची तपासणीही त्यांच्याकडूनच करून घ्या, चकचकीत धातूवर तो चुकीचं कमी तापमान दाखवतो हे त्यांना माहीत असतं.

जळालेलं मेन इनकमरवर (पॅनेलमध्ये सप्लाय येतो तो मुख्य स्विच) किंवा बसबारवर (करंट वाटणारी धातूची जाड पट्टी) असेल, मशीनच्या बॉडीला करंट लागत असेल, पॅनेलमध्ये पाणी गेलं असेल, अर्थिंगची वायर काळी पडली असेल, किंवा दोन्ही बाजू बदलून, वायर बरोबर टाकूनही कनेक्टर परत तापत असेल, तर आणखी एक पीस आणून प्रयोग करू नका, मशीन बंद ठेवा. मीटरच्या बाजूला, सीलच्या आत वास येत असेल तर ते वीज कंपनीचं काम आहे, सीलला हात लावायचा नाही, तक्रार करायची.

येणाऱ्या माणसाला जळालेला जुना पीस दाखवा, फेकू नका. त्यासोबत कनेक्टर अन् कॉर्डवरच्या छापलेल्या मजकुराचे फोटो, मशीनच्या नेमप्लेटचा फोटो, सकाळ-दुपारचं क्लॅम्पचं रीडिंग अन् पॅनेलच्या आतलं तापमान एवढं द्या.